फेटियातलं वाळवंट

वाशीम जिल्ह्यात वाळवंट नाही. तरी इथल्या कितीतरी घरांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय. पेटीतल्या कपड्यांत, बोलीत, सणांत. ते कागदावर उतरवायचं असेल तर सुरुवात कुठून करायची?

कॉलेजचा युवक महोत्सव. ऑन द स्पॉट पेंटिंग. वेळ अडीच तास. विषय जाहीर होतो, ‘माझा वारसा’.

आता ज्यांच्या घरी ‘आपण मूळचे मारवाडकडचे’ असं सांगतात, ते काय काढतात? नव्वद टक्के वेळा उत्तर ठरलेलं. वाळूच्या टेकड्या, मागे केशरी सूर्य, उंटांची रांग, डोक्यावर घडा घेतलेली बाई. बाईच्या घागऱ्यावर चार-पाच आरसे. झालं चित्र. दिसायला छान दिसतं, टाळ्याही मिळतात.

पण जरा थांबा. हे वाळवंट कुणाचं आहे? काढणाऱ्यानं ते पाहिलेलं नाही. त्याच्या आजोबांनीही नाही. मोबाइलवर ‘डेझर्ट पेंटिंग’ टाकलं की जे पहिल्या दहा फोटोंत येतं, तेच कागदावर उतरलं. आजीच्या पेटीत जे आहे ते त्यात कुठेच नाही.

वाशीमसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न जास्त टोचणारा आहे. कारण याच जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची काशी. १७३९ मध्ये जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला देशभरातल्या तांड्यांवरून माणसं येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी इथेच बंजारा विरासत नंगारा वस्तुसंग्रहालयाचं पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणजे वारसा म्युझियममध्ये पोचलाय. तो आपल्या चित्रात कसा येणार, हे मात्र आपल्यालाच ठरवायचंय.

उंट खोडा, बैल काढा

पहिली गोष्ट, तो उंट. बंजारा तांड्याचं जनावर उंट नव्हतं, बैल होता. पाठीवर गोण्या लादलेल्या हजारो बैलांचा कळप घेऊन तांडे देशभर फिरायचे. या व्यापारी फिरतीला बंजारा बोलीत ‘लदेणी’ म्हणतात. धान्य, मीठ, गूळ असं काय काय या बैलांवरून जायचं. ‘लमाण’ हा शब्द लवण म्हणजे मीठ यावरून आला आणि ‘बंजारा’ वणज म्हणजे व्यापार यावरून, असं मानलं जातं. म्हणजे नावातच धंदा आहे.

हा धंदा किती मोठा होता? पीटर मंडी नावाचा एक इंग्रज प्रवासी १६३२ मध्ये आग्र्याकडून पाटण्याकडे निघाला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला. त्यात धान्य लादलेले १४ हजार बैल होते, असं त्यानं लिहून ठेवलंय. १४ हजार! नुसती डोळ्यांसमोर आणा ती धूळ. मोगलांच्या फौजांना धान्य पुरवायचं तर बंजाऱ्यांशिवाय पान हलत नसे.

मग या गोष्टीत वाळवंट कुठे आहे? ते बोलीत आहे. गोरबोली वाशीमच्या तांड्यावर बोलली जाते, तेलंगणात बोलली जाते, कर्नाटकात बोलली जाते. आजूबाजूला वऱ्हाडी, तेलुगू, कन्नड असली तरी तिची नाळ राजस्थानी भाषांशी जुळते. ते सणांतही आहे. श्रावणात तांड्यावर तीज असते. लग्न न झालेल्या मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, हिरवे कोंब वाढवतात. राजस्थानातही श्रावणातली तीज हा पावसाचा, हिरवळीचा सण. जैसलमेरला वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. वाशीमला त्याच्या चौपट तरी पडतो. जिथे हिरवळीची वाट बघायची सवय होती तिथला सण, जिथे शेतभर सोयाबीन आहे तिथेही तितक्याच मायेनं साजरा होतो. तांड्यावरच्या मुलीला वाळवंटाचं चित्र काढायचं असेल, तर टेकडी-सूर्यापेक्षा गव्हाच्या कोंबांची ती टोपली जास्त खरी नाही का?

कपडा म्हणजे नकाशा

आता आजीची पेटी उघडू या. फेटिया म्हणजे घेरदार घागरा. कांचळी म्हणजे पाठीवर बंद असलेली चोळी. वर ओढणी. भरतकाम दाट. त्यात आरसे, कवड्या, नाणी, घुंगरं, रंगीत गोंडे.

एकेक वस्तू हातात घेऊन विचारा, ‘तू आलीस कुठून?’

आरसा. काचेचे बारीक तुकडे टाक्यांनी कपड्यावर बसवायची कला राजस्थान, कच्छ, सिंध या सगळ्या कोरड्या पट्ट्यात आहे. म्हणजे आरसा थरच्या बाजूनं आला.

कवडी. ही तर समुद्रातली. भारतात चलन म्हणून वापरल्या गेलेल्या कवड्या मोठ्या प्रमाणावर मालदीवच्या बेटांवरून यायच्या. एकोणिसाव्या शतकापर्यंत काही भागांत कवड्यांनी व्यवहार व्हायचे. म्हणजे बाईच्या अंगावरच्या कवड्या हा दागिना, आणि एका काळी पैसाही.

रंग. लाल सगळ्यांत जास्त. केमिकल रंग येण्याआधी कापडाला लाल रंग मंजिष्ठा, आल अशा झाडांच्या मुळांपासून मिळायचा. नंतर बाजारात तयार रंगीत धागे आले, तेही बंजारा बायांनी बिनधास्त वापरले. म्हणून जुन्या फेटियात तीन पिढ्यांचे लाल शेजारी शेजारी दिसू शकतात.

आणि टाके. चौकोन, त्रिकोण, समभुज आकृत्या. बऱ्याच पिशव्या आणि रुमालांवरचं काम तर कापडाचे धागे मोजून केलेलं असतं. भूमितीचं पुस्तक न उघडता केलेली भूमिती.

म्हणजे एका कपड्यावर थरचा आरसा, हिंदी महासागरातली कवडी, वाटेतल्या बाजारातलं सूत आणि दख्खनचं कापड. बैलांचा तांडा जिथून जिथून गेला त्या वाटांचा हा नकाशाच म्हणा ना. हा कपडा समोर ठेवून चित्र काढायला घेतलं तर केशरी सूर्याची आठवणही होणार नाही.

खरं तर लांबून आलेल्या रंगाचं वाशीमला नवल नाही. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतला राजा हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव यानं अजिंठ्याचं सोळा क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. पाचव्या शतकातली गोष्ट. अजिंठ्याच्या चित्रांतले बरेचसे रंग माती-दगडांतून मिळणारे. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुना, काजळी. पण निळा? तो लाजवर्दी दगडाचा. आणि त्याची जुनी प्रसिद्ध खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये. डोंगर आणि कोरडे मुलूख ओलांडून आलेला तो निळा, लेण्यातल्या भिंतीवर कायमचा राहिला.

एकच रेल्वे, दोन चित्रं

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी धावली. १८६७ मध्ये रुळ वऱ्हाडातून नागपूरला पोचले. वऱ्हाडचा कापूस थेट मुंबई बंदरात जायला लागला.

या रेल्वेनं लदेणी संपवली. जिथे बैलांना महिना लागायचा तिथे गाडी दोन दिवसांत जायची. पाठोपाठ १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला. फिरत्या माणसांवर संशय हाच या कायद्याचा पाया. अनेक बंजारा गटही त्यात भरडले गेले. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये, स्वातंत्र्याला पाच वर्षं होऊन गेल्यावर. फिरणारे तांडे डोंगराच्या कडेला, माळावर थांबले. कोरडवाहू शेती, नाहीतर ऊसतोड. आजही कितीतरी तांड्यांतलं वर्षाचं गणित ऊसतोडीच्या हंगामावर चालतं.

आता दुसरी बाजू बघा. त्याच रेल्वेनं आणि त्याच कापसानं मारवाडी व्यापाऱ्यांची भरभराट झाली. मारवाड-शेखावाटीतून निघालेली घराणी कोलकाता, मुंबई, हैदराबाद आणि आपल्या वऱ्हाडातही आली. वाशीम, कारंजा, रिसोडच्या बाजारपेठेत आजही अशी घरं भेटतील. बाहेर कमावलेल्या पैशातून शेखावाटीतल्या मंडावा, नवलगढ, फतेहपूर अशा गावांत हवेल्या उठल्या. आणि त्या हवेल्यांच्या भिंती चित्रांनी भरून गेल्या. साधारण १८३० ते १९३० हा तिथल्या भित्तिचित्रांचा बहराचा काळ. कृष्णलीला आहेत, ढोला-मारू आहेत, आणि सोबत आगगाडीही आहे. डबे, धूर, खिडकीतून बघणारी माणसं.

वाळवंटातून आलेली दोन कुटुंबं. एकाच्या भिंतीवर आगगाडी आनंदानं रंगवलेली. दुसऱ्याच्या कपड्यावर ती कुठेच नाही, पण तिच्यामुळे त्याची वाटच बंद झाली. कदाचित ही दोन घरं आज एकाच तालुक्यात असतील आणि त्यांची मुलं एकाच कॉलेजच्या एकाच बेंचवर बसत असतील. ‘माझा वारसा’ या विषयावर दोघांनीही तोच केशरी सूर्य काढला तर? त्यांच्या आजोबांमधला सगळा इतिहास पुसला गेला की.

वरून दिसणारी वाळू

वाळवंट आणि घराण्याचा वारसा चित्रात आणायचं सर्वांत जबरदस्त उदाहरण आहे ऑस्ट्रेलियात. मध्य ऑस्ट्रेलियात पापुन्या नावाची वस्ती आहे. वेगवेगळ्या आदिवासी समूहांना त्यांच्या भूमीवरून हलवून सरकारनं इथे आणलं होतं. १९७१ मध्ये जेफ्री बार्डन हा चित्रकलेचा शिक्षक इथल्या शाळेवर आला. मुलं वाळूत बोटांनी आकृत्या काढतात हे त्याच्या लक्षात आलं. त्याच्या प्रोत्साहनानं वस्तीतल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांच्या कथेचं मोठं चित्र रंगवलं. तिथून एक चळवळच सुरू झाली.

या चित्रांत क्षितिज नाही, सूर्य नाही, टेकडी नाही. जमीन वरून पाहिलेली. एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा किंवा मुक्काम. रेषा म्हणजे वाट. इंग्रजी ‘यू’सारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, कारण वाळूत मांडी घालून बसून उठलं की तसाच ठसा उमटतो. आणि महत्त्वाचं म्हणजे कुणी कोणती कथा रंगवायची ते ठरलेलं असतं. बापाकडून, आजोबाकडून ज्याला ज्या भूमीच्या कथेचा अधिकार मिळाला, त्यानं तीच रंगवायची. सुरुवातीच्या काही चित्रांत बाहेरच्यांनी पाहू नयेत अशा गोष्टी आल्या, तेव्हा त्यांच्याच लोकांनी आक्षेप घेतला. मग चित्रकारांनी काय दाखवायचं, काय झाकायचं याचा विचार केला.

आपल्याकडे काय शिकण्यासारखं? ठिपके नव्हे! ठिपके उचलले तर उंटाच्या जागी दुसरी कॉपी, इतकंच. शिकायचंय ते असं, की भूमी म्हणजे नुसता देखावा नाही. भूमी म्हणजे वाट, मुक्काम, पाणी आणि त्यावर कुणाची गोष्ट आहे ते. तांड्याच्या वाटा अशा वरून पाहिल्या तर? कुठे विहीर, कुठे गोणी उतरवली, कुठे कुणाला पुरलं, कुठे कायमचं थांबलो.

हाच विचार आपल्या जवळच्या एका मोठ्या चित्रकारानंही वेगळ्या पद्धतीनं केला. सय्यद हैदर रझा. जन्म १९२२, मध्य प्रदेशातल्या मंडला भागात, वडील वनखात्यात. चित्रकलेचं पहिलं शिक्षण नागपुरात, मग मुंबईचं जे. जे., आणि १९५० पासून पॅरिस. पॅरिसमध्ये राहूनही ते भारतात येत राहिले, राजस्थान-गुजरातकडे फिरले. त्यांच्या त्या काळातल्या ‘राजस्थान’ आणि १९८३ च्या ‘सौराष्ट्र’ या चित्रांत तापलेला लाल, गेरू, काळा असे रंग चौकटी-चौकटींत बसलेले दिसतात, जुन्या लघुचित्रांच्या रंगीत पट्ट्यांसारखे. त्यातून तिथलं ऊन कळतं. ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये लंडनच्या लिलावात १६ कोटींच्या वर गेलं.

पैसा कुणाचा, नाव कुणाचं?

कोटींचा विषय निघालाच आहे तर खरा गुंता इथे आहे.

पापुन्याच्या चळवळीतले मोठे चित्रकार क्लिफर्ड पॉसम. त्यांचं १९७७ चं ‘वार्लुगुलाँग’ हे चित्र आधी एका बँकेनं १,२०० ऑस्ट्रेलियन डॉलरला घेतलं. २००७ मध्ये तेच चित्र लिलावात २४ लाख डॉलरला गेलं. चित्रकार २००२ मध्येच वारले होते. या वाढलेल्या किमतीतला वाटा त्यांच्या कुटुंबाला मिळेल असा कायदा तेव्हा नव्हता. चर्चा झाली, आणि २०१० पासून ऑस्ट्रेलियात पुनर्विक्रीच्या किमतीतले पाच टक्के चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना द्यायचा नियम लागू झाला. भारतातही कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे. मूळ चित्र दहा हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा मागता येतो. फाइन आर्टच्या विद्यार्थ्यांनो, हे कलम वाचून ठेवा.

पण आजीच्या फेटियाचं काय? तिथे सही नाही, तारीख नाही. भरतकाम कुणी एकीनं केलं, कधी मायलेकींनी मिळून. जुन्या बंजारा कपड्यांना देश-विदेशात गिऱ्हाईक आहे. त्यांचे तुकडे कापून बॅगा, कुशन, जॅकेटं बनतात. विकणाऱ्या घराला तेव्हा पैशाची गरज असते, हेही खरं. पण बॅगेवर ब्रँडचं नाव असतं, टाके घालणारीचं नसतं. कर्नाटकात संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालंय, आपल्याकडे वारली चित्रकलेला मिळालंय. त्यानं एका भागाच्या कलेचं नाव टिकतं. एका बाईचं नाव टिकवायचं काम मात्र घरातल्यांनाच करावं लागतं.

तांड्यावरच्या बऱ्याच मुली आज फेटिया घालत नाहीत. रोजच्या कॉलेजला, एसटीतून जाताना, एवढा जड कपडा कोण घालणार? घालावाच असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ‘कसली दिसतेस’ म्हणून हसणारी तोंडंही त्यांनी पाहिलेली असतात. पण पंचमीला किंवा गॅदरिंगला तोच ड्रेस भाड्यानं आणून फोटो काढणाऱ्यांना लाइक्स मिळतात. म्हणून चित्र काढताना प्रश्न विचारायचा, की हे दाखवून कुणाला बरं वाटणार आहे? परीक्षकाला की आजीला?

आणि आजीलाच ब्रश का देऊ नये? ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया नावाच्या भागातल्या एमिली केम ङ्‌वारे या बाईंनी आयुष्याची बहुतेक वर्षं आपल्या भूमीवर, विधींत अंगावर आकृत्या रंगवत काढली. पुढे बाटिकचं काम केलं. कॅनव्हासवर रंगवायला लागल्या तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. १९९६ मध्ये गेल्या. त्या सात-आठ वर्षांतल्या कामानं त्या जगातल्या मोठ्या चित्रकारांत गणल्या जाऊ लागल्या. आधी कापड, मग कॅनव्हास. आपल्या कितीतरी आज्यांचा निम्मा प्रवास झालेलाच आहे.

करून बघा

* चित्राआधी एक तास आजीशी किंवा तांड्यातल्या कुणा जाणत्या बाईशी बोला. टाक्यांची, दागिन्यांची नावं त्यांच्याच बोलीत वहीत लिहून घ्या. परवानगी घेऊन आवाज रेकॉर्ड करा.
* फोटोवरून रंग जुळवू नका. कपडा दिवसाच्या उजेडात ठेवा आणि पॅलेटवर त्याच्या शेजारी रंग मिसळा. लाल किती प्रकारचे आहेत ते मोजा.
* घराण्याची वाट वरून काढा. कुठून आलो, कुठे थांबलो, पाणी कुठे होतं. माहीत नसेल तिथे जागा कोरी सोडा. कोरी जागाही चित्रात बोलते.
* कोलाजसाठी जुना कपडा कापायचा नाही. एक टाकाही उसवायचा नाही.
* काही गोष्टी घरच्यांना बाहेर दाखवायच्या नसतील. नाही म्हणाले तर नाही.
* तुमचं घराणं बंजारा नसलं तरी कुठून तरी आलेलंच असतं. तुमच्या घरातली तशी पेटी कोणती, ते शोधा.

चित्र पूर्ण झालं की खाली लेबल लावतात. चित्राचं नाव, माध्यम, चित्रकार. त्यात एक ओळ वाढवा, ‘मूळ भरतकाम’. आणि पुढे आजीचं पूर्ण नाव लिहा. तांडा आणि तालुक्यासकट.